जस्त आणि चांदीचा सेल

चहा निवला तरी चालेल, आधी हे ऐका, कारण माझा राग अजून उतरलेला नाही. मी रत्नागिरीत बारावीला असताना केमिस्ट्रीच्या सरांनी चाचणीत जस्त-चांदीच्या सेलचं गणित घातलं होतं. जस्त दोन इलेक्ट्रॉन सोडतं, चांदीचा आयन एकच घेतो. म्हणून दोन अर्ध्या समीकरणांची बेरीज करताना चांदीचं समीकरण दोनने गुणायचं. इथवर ठीक. पण सरांनी चांदीचं पोटेन्शियल, म्हणजे तिचे व्होल्टसुद्धा दोनने गुणले, उत्तर २.३६ काढलं आणि माझ्या १.५६ व्होल्टवर लाल फुली मारली!

मी म्हटलं, "सर, पोटेन्शियल गुणायचं नसतं."

"काय गो, समीकरण दुप्पट केलंस, मग व्होल्ट दुप्पट कोण करणार?"

"सर, इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तरी प्रत्येकामागचा जोर तेवढाच राहतो ना!"

"मला शिकवू नको."

मग मी लॅबमध्ये तोच सेल जोडला आणि त्यांना बोलावून आणलं. मीटर दीडच्या जरा वर थांबला.

सर म्हणाले, "मीटर बिघडलाय."

मी भिंतीवरच्या घड्याळातला नवाकोरा सेल काढून मीटरला लावला. सेलवर दीड व्होल्ट छापलेलं होतं, मीटरनेही दीडच दाखवलं. सरांनी माझा पेपर मागून घेतला, फुली खोडली आणि पूर्ण मार्क दिले.

मी खुशीत बाहेर आले आणि पेपर उघडला. मार्कांशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "ग्रेस".

बरोबर उत्तराला ग्रेस देतात का रे कुठे?