बरं बाई

मेट्रोत समोरच्या बाकावर मांजरीहून लेकीकडे कोथरूडला निघालेलं वयस्कर जोडपं होतं.

“पुढील स्थानक आयडियल कॉलनी. दरवाजे डावीकडे उघडतील.”

“बरं बाई,” आजी म्हणाल्या.

“अगं शालू, ते यंत्र हाय. त्याला उत्तर कसलं देतीस?”

“एवढं नीट सांगतंय की. चाळीस वर्षांत तुम्ही कधी सांगितलंत, कुठं उतरायचंय ते? तुम्ही पुढं चालायचं अन् मी मागनं पळायचं.”

“पण कधी हरवू दिलं का तुला?”

“मीच हरवले नाही.”

“पुढील स्थानक आनंदनगर…”

“बरं बाई.”

गाडी थांबली. आजोबा उठले, पण जागचे हलले नाहीत.

“शालू, आपलं स्थानक आलं. दार डावीकडं उघडंल. सावकाश ऊठ, मी थांबलोय.”

“बरं बाई.”