आता एवढंच राहिलंय

...नाही, तुम्हीच सांगा! अर्धं आयुष्य सातवीच्या वर्गाला गणित शिकवलेल्या बाईला, गणित कसं शिकवावं यात डॉक्टरेट करायची असेल, तर तिनं आधी काय सिद्ध करायचं? की तिला गणित येतं! प्रवेशपरीक्षा! आणि तीही पन्नाशीला! शेजारच्या बाकावरचा पोरगा मला म्हणतो, "मॅडम, पर्यवेक्षकांची खुर्ची तिकडे आहे." दिली बाबा परीक्षा, पास झाले, धापा टाकत कचेरीत गेले, तर तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणतात, "छान, रोवीना! आता एवढंच राहिलंय..." आणि तुम्हाला सांगते, ते 'एवढंच' काही संपेना!

मुळात हे खूळ डोक्यात शिरलं कसं? आमची केंटकीच्या डोंगरातली पोरं हो! अपूर्णांक येईपर्यंत टुणटुणीत, आणि अपूर्णांक आले की चेहरे खर्रकन उतरलेच. म्हणे एकतृतीयांश एकद्वितीयांशापेक्षा मोठा, का, तर दोनापेक्षा तीन मोठे! हे येतं कुठून त्यांच्या डोक्यात? मी रोज जेवताना नवऱ्याचं डोकं खायचे. मर्ल त्याचं नाव, आधी कोळशाच्या खाणीत होता, मग शाळेची बस चालवायचा. एक दिवस चमचा खाली ठेवून म्हणाला, "अगं, मला काय विचारतेस? मी त्याच अपूर्णांकाला भिऊन खाणीत उतरलो. जा, शिकून ये एकदाची!"

गेले. तर अट काय? विद्यापीठाच्या गावातच राहायचं. लेक्सिंग्टनला! घर सोडून! बरं, शिकवणं शिकायला आले म्हणावं, तर आधी खरंखुरं गणित शिका, आणि त्यात आकडाच नाही हो, नुसती ग्रीक अक्षरं! ते झालं, तर संख्याशास्त्र. ते झालं, तर पात्रता परीक्षा. लेखी झाली, तर तोंडी. माझ्या मार्गदर्शक व्हिटकोमबाई पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "शाब्बास! आता एवढंच राहिलंय, नैतिकता समितीची परवानगी."

कशाची परवानगी? तर पोरांना प्रश्न विचारायची! माझ्याच पोरांना! समितीतले एक गृहस्थ अगदी गंभीरपणे विचारतात, "अपूर्णांक सोडवताना मुलांना काही इजा होण्याचा संभव?" म्हटलं, अहो साहेब, तेच तर शोधायला निघालेय मी!

आणि मर्ल... संध्याकाळी न चुकता त्याचा फोन. मी विचारायचे, "काय केलंस जेवायला?" "घेवडा शिजवला, मक्याची भाकरी केली. तुझ्यासारखी नाही, पण दातांना व्यायाम होतो." आणि मध्येच खोकायचा. "हे काय रे?" "काही नाही, मिरी जास्त पडली." पुढच्या वेळेला, "पोटमाळा झाडत होतो." मी म्हणायचे, येते या रविवारी. लगेच, "अजिबात नको! दरड कोसळलीय, रस्ता बंद आहे. आणि तू आलीस की लिहिणं थांबतं. काय काय उरलंय?" मी सांगायचे, प्रबंधाचं पाचवं प्रकरण. तो म्हणायचा, "हात्तिच्या! आता एवढंच राहिलंय!"

आमच्या डोंगरात दरड काही नवी नाही, महिनोन्महिने रस्ता बंद राहतो. शंका कशी येणार, तुम्ही सांगा?

शेवटी प्रबंध झाला. मग प्रबंध तपासणाऱ्या समितीतल्या सगळ्या विद्वानांना एका वेळी एका खोलीत आणायचं... अहो, मांजरींची वरात काढणं सोपं! एकाला परिषद, एकाला नातू, एकाला सोमवारच चालत नाही! जमले एकदाचे. ही शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर असते, कुणीही येऊन बसावं. मी फळ्यापाशी उभी, पोरांच्या चुकांबद्दल बोलतेय... आणि दार उघडलं.

मर्ल. लग्नातला कोट घातलेला, आणि त्यात अजून एक मर्ल मावला असता असा वाळलेला. नाकात नळी. मागे चाकांवरचं प्राणवायूचं नळकांडं कुईंकुईं करतंय. मागच्या खुर्चीत बसला आणि हातानंच म्हणाला, चालू दे.

चालू दे! मी काय बोलले, देव जाणे. तोंड अपूर्णांकांचं बोलत होतं. शेवटी व्हिटकोमबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" मागून एक हात वर. "मला... विचारायचंय. झालं ना? मग... आता घरी येणार ना?"

सगळे हसले. त्यांना वाटलं, काय गोड नवरा आहे.

निकाल ठरवायला मला बाहेर पाठवलं. बाकावर आम्ही दोघं. म्हटलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणून नाही सांगितलं." मग दम घेऊन म्हणाला, "छातीत खाणीतली धूळ आहे गं. ती तू इथं असलीस काय, तिथं असलीस काय, जाणार थोडीच होती? मग म्हटलं, निदान एक तरी काम पुरं होऊ दे."

तेवढ्यात दार उघडून व्हिटकोमबाई हात पसरून बाहेर आल्या. "अभिनंदन! सगळ्यांचं एकमत! आता एवढंच राहिलंय, तिसऱ्या प्रकरणातल्या किरकोळ दुरुस्त्या!" मर्ल इतका हसला, इतका हसला, की हसण्याचा खोकला झाला.

त्या दुरुस्त्या मी त्याच्या उशाशी बसून केल्या. आणि केल्यावर कळवलं, तर विद्यापीठाचं उत्तर काय? पानांचा समास थोडा अरुंद आहे, पुन्हा पाठवा! मी रडले. मर्ल म्हणाला, "अगं, समासच ना? सरकव." सरकवला. वसंतात डॉगवूडची झाडं फुलायच्या आत तो गेला.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मोठ्या मानानं माझं नाव घेतलं, "डॉक्टर रोवीना स्टॅम्पर." मातीबिती देऊन झाली, लोकांनी आणलेल्या जेवणाची ताटं वाढली गेली, आणि टेनेसीहून आलेली मर्लची म्हातारी मावशी काठी टेकत माझ्यापाशी आली. खालपासून वरपर्यंत मला न्याहाळलं. म्हणाली, "एवढी घर सोडून शिकलीस. डॉक्टर झालीस. आणि नवऱ्याचा खोकला ओळखता आला नाही गं तुला?"

आता त्या माउलीला काय समजावणार? तिचा हात धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "मावशी, डॉक्टर व्हायला बाकी सगळ्या अटी होत्या हो. तेवढी नव्हती."