इमारत तीच, दार वेगळं!

...आणि वर मलाच म्हणतात, "बूकर, तू चिडू नकोस!" चिडू नको तर काय करू, नाचू? तुम्हाला सांगतो, शाळेची पिवळी बस चालवतो मी, हयात गेली त्यात. नातू माझा. माझ्याच घरात राहतो, माझ्याच ताटातलं बेकन पळवतो. बसमध्ये निम्म्या सीटा रिकाम्या, जायचं त्याच इमारतीत... आणि त्याला मी बसमध्ये घ्यायचं नाही! का? तर म्हणे, इमारत तीच, दार वेगळं!

नातू दोन आहेत, जुळे. मायल्स आणि क्विन्सी. आमच्या गावातली पोलादाची भट्टी थंडावली, माणसं गेली, पोरं कमी झाली, शाळेचा वरचा मजला ओस पडला. तो शिक्षण मंडळानं एका चार्टर शाळेला भाड्यानं दिला. चार्टर म्हणजे खाजगी नव्हे हो! फी नाही, पैसा सरकारचाच, फक्त कारभार त्यांचा त्यांचा. पण जागा थोड्या, म्हणून सोडत काढतात. माझ्या लेकीनं, लॅटोन्यानं, दोघांची नावं टाकली. मायल्सचं निघालं, क्विन्सीचं नाही! जन्मताना दोघांत चार मिनिटांचं अंतर होतं, आता एका मजल्याचं झालं.

आता बस आहे मंडळाची, म्हणजे खालच्यांची. वरच्यांना बससाठी छदाम नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! म्हणून मायल्सला लॅटोन्या मोटारीनं सोडते. घर एक, रस्ता एक, वेळ एक. क्विन्सीला घेऊन मी पुढे, मायल्सला घेऊन ती मागे. आणि मी थांबलो की बसच्या कुशीतून ती लाल 'थांबा'ची पाटी बाहेर येते, दिवे लुकलुकतात... आणि मग मागची मोटार हलली की दंड! कायदाच आहे तसा, आणि चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती पेटीग्रूंची पोरगी एक बूट घालून बाहेर येते, दुसरा शोधायला आत जाते, तळ्यावरचा वारा सुटलेला, मी पाटी काढून उभा, आणि मागून काच खाली करून माझी सख्खी लेक ओरडते, "बाबा! आत घ्या ती पाटी! तुम्ही मुद्दाम करता!"

मुद्दाम? मी? लवकर निघायचं म्हणता? दोन पोरं आणि एक न्हाणीघर, तुम्ही निघून दाखवा! दुसरा रस्ता? आहे की, रेल्वेच्या फाटकातून. मालगाडी आडवी आली की तिथंच दुपारचं जेवण उरकायचं.

बरं, बसला उशीर झाला तर खाली कुणी हूं की चूं करत नाही. खालची घंटा वाजते बस आल्यावर, वरची वाजते घड्याळावर! मग मायल्सला उशिराचा शेरा. तीन शेरे झाले की आईनं येऊन हेडबाईंसमोर बसायचं. वरच्या हेडबाई, मिस हॉलोवे, अगदी गोड आवाजात, "वेळ पाळणं म्हणजे स्वतःचा मान राखणं, मिस लॅटोन्या." आणि तो मान राखता राखता हिला बेकरीत उशीर! तिथला मॅनेजर सांगून बसलेला, "अजून एकदा, की रस्ता धर."

म्हणजे पाटी मी काढायची, शेरा नातवाला, आणि नोकरी लेकीची जायची! इमारत तीच, दार वेगळं!

तेवढ्यात मंडळानं जाहीर सभा बोलावली. विषय काय, तर चार्टरच्या मुलांना पैशात न्याय्य वाटा. वरच्यांचे टीशर्ट निळे, खालच्यांचे लाल. आमच्या युनियनचा लेरॉय आला, लाल शर्ट माझ्या छातीवर आपटला. "बूकर, तू आपला माणूस! एक पोरगं वर गेलं की त्याचा पैसा वर जातो, पण खालचा बॉयलर काही तेवढा कमी जळतो का?" खरं आहे! पाठोपाठ मिस हॉलोवे, निळा शर्ट घेऊन. "मिस्टर बूकर, आमची मुलं काय चंद्रावरची आहेत? भाडं आम्ही भरायचं, बस आम्हाला नाही, आणि दर मुलामागे पैसाही कमी!" हेही खरं! मला दोघांचंही पटतं हो, हीच तर माझी पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी दोन्ही शर्ट घातले, एकावर एक. घामानं भिजलो.

माझा नंबर आला. बोलायला दोनच मिनिटं, मग माइक बंद. मी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना म्हटलं, "बाई, माझं मागणं मोठं नाही. माझ्या बसमध्ये एक सीट द्या. पोरगं मागून येतंच आहे." बस्स! लाल शर्टवाले उठले, "आमच्या पैशाच्या सीटवर?" निळे उठले, "उपकार नकोत, हक्क हवा!" अहो, मी सीट मागितली, यांनी महायुद्ध काढलं! पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, माझ्याविरुद्ध.

मग अध्यक्षीणबाईंनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. वरच्यांना स्वतंत्र बस! सभागृहात टाळ्या. पैसा कुठला? खालचा बँड बंद, वरचा चित्रकलेचा तास बंद. आहे की नाही समान न्याय?

आणि या सगळ्यात लॅटोन्याची बेकरी सुटली. स्वयंपाकघरात एप्रनची घडी घालत बसली होती, मला म्हणाली, "बाबा, तुमचा दोष नाही." तुम्हाला सांगतो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पण देव आहे! नव्या बसला ड्रायव्हर हवा होता. पोरीनं लायसन काढलं, परीक्षा पास झाली, लागली.

आता सकाळी बघा तुम्ही. मी पुढच्या बसमध्ये क्विन्सीला घेऊन, निम्म्या सीटा रिकाम्या. ती मागच्या बसमध्ये मायल्सला घेऊन, निम्म्या सीटा रिकाम्या. पेटीग्रूंची पोरगी बूट शोधायला आत जाते, मी पाटी बाहेर काढतो, आणि मागची बस, कायद्यानं, थांबते. आरशात बघतो तर लेक हॉर्नवर कोपर ठेवून बसलेली.

मायल्सला अजून उशिराचा शेरा मिळतो... फक्त आता त्याच्या सगळ्या बसला मिळतो.