मोटेच्या विहिरीकडं वळलेला चर

सरका, सरका जाळाकडं! काहिलीतली हळद शिजायला अजून दोन तास आहेत, आणि तुम्ही आत्ताच जांभया द्यायला लागलात. झोपलात तर जाळ विझणार आणि उद्या आक्का माझ्या नावानं ओरडणार. म्हणून सांगतो. ऐका! पण एक अट. मध्ये कुणी उठून एकटं ओढ्याकडं जायचं न्हाई. नंतर मला बोल लावू नका.

वीस वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीसचा. अंगात मस्ती! नवा छोटा ट्रॅक्टर घेतलेला, अठरा हॉर्सपॉवरचा. लोक हसायचे. म्हणायचे, भूपाल, हा ट्रॅक्टर आहे का बकरी? हसा म्हटलं. जिथं मोठा ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो, तिथं माझी बकरी नाचते! मागं जोडायला नांगर होता, रोटर होता, आणि एक खास चीज होती. चराचा रेजर! सरी पाडायचा न्हवे, त्याच्या दुप्पट मोठा. लोहाराच्या डोक्यावर बसून करून घेतला होता. एका फेरीत गुडघाभर खोल चर, माती दोन्ही बाजूला!

तर ऐका. परतीचा पाऊस चार दिवस कोसळला. आणि संध्याकाळी दूधवाला निरोप घेऊन आला, आक्काच्या हळदीत पाणी तुंबलंय. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुमाक्का. ही काहील जिची, तीच. दाजींचा पाय मोडलेला, घरात खाटेवर. सगळं रान तिच्या एकटीच्या अंगावर. आणि हळदीचं तुम्हाला माहीत आहे. कंद भरायच्या दिवसांत पाणी उभं राहिलं की खालनं कुजायला लागतो. वरनं पान हिरवंगार, खाली हात घालावा तर चिखल! तिच्या रानात पाणी साठून दोन दिवस झालेले. तिसरा दिवस उजाडला असता तर वर्षभराचं राबणं मातीत गेलं असतं.

बायको म्हणाली, सकाळी जा. मी म्हटलं, सकाळी काय कुजलेली हळद बघायला जाऊ? रेजर जोडला, चाकांना चिखलाचे लोखंडी पिंजरे लावले, आणि दिवा लावून निघालो. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. वाटेत शेवटचं घर लागतं, तिथला म्हातारा ओट्यावरनं ओरडला, "भूपाल, ओढ्याच्या अंगाला जातोयस व्हय? मोटेच्या विहिरीकडं बघू नको!" मी हसलो. हसलो बघा! अजून आठवलं की कानाखाली मारून घ्यावंसं वाटतं.

मोटेची विहीर ठाऊक नसेल कुणाला तर सांगतो. आक्काच्या हळदीच्या शेजारी न नांगरलेली पड आहे ना, बाभळीची? त्या पडीच्या खालच्या टोकाला. कठडा ढासळलेला, तोंड गवतानं झाकलेलं. पूर्वी सिदराम नावाचा मोटकरी तिथं मोट हाकायचा. एके दिवशी मोट खाली सोडायला बैल मागं सरकताना थांबलेच न्हाईत. बैल गेले, मोट गेली, नाडा म्हणजे मोटेचा दोर, तो धरलेला सिदराम गेला. नंतर इंजिनं आली, मोट बंद झाली, त्या विहिरीवर कुणी फिरकेना. म्हातारी माणसं म्हणायची, तो एकटा पडलाय. त्याला जोडी पाहिजे.

मला कुठं पडलेली! मी पोचलो तर आक्का चिखलात उभी. डोक्यावर पोतं, हातात बॅटरी.

"आलास रे बाबा!" एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली. माझी आक्का! दाजींचा पाय मोडला तेव्हा रडली न्हवती.

मी म्हटलं, "आक्के, पहाटेला तुझं रान मोकळं करतो. तू फक्त वरच्या बांधावर उभी राहा आणि बॅटरी माझ्याकडं धर. त्या उजेडावर ट्रॅक्टरचं नाक धरून मी सरळ येतो."

आता माझी चूक ऐका. ट्रॅक्टरवाल्यांनो, कान देऊन ऐका! चर काढायचा तर आधी उजेडी ओळीनं खुंट्या ठोकायच्या, खुंटीला पांढरं फडकं बांधायचं. दुसरं, चर कायम खालून वर काढायचा. ओढ्याकडचं तोंड आधी मोकळं करायचं, म्हणजे पाणी आपल्या पाठीमागं पळून जातं. दुसरं मी केलं. पहिलं केलं न्हाई. घाई होती. खुंट्यांच्या जागी बहिणीच्या हातातला उजेड धरला.

ओढ्यापासनं सुरुवात केली. रेजर टेकवला, आणि काय घुसला! माती दोन्हीकडं फाटत गेली. हळदीच्या सऱ्यांतलं पाणी धबाधबा चरात, आणि चरातनं मागं ओढ्यात. इंजन गरजतंय, पिंजरे खडखडतायत, मी वरडतोय, "पळ! पळ पाण्या!" खुळ्यासारखा! बांधावर आक्काचा उजेड. बरोब्बर नाकासमोर.

निम्मं रान झालं. आणि तो उजेड एकदा मिचकला.

एकदाच. विझला आणि लागला. मला वाटलं, आक्कानं हात बदलला असेल. पुढं चालू.

मग वाटलं, उजेड जरा डावीकडं आहे का? म्हटलं, माझंच स्टेअरिंग चिखलात सरकलं असेल. थोडं डावीकडं घेतलं. पुन्हा थोडं. बरं, रेजर कसा चालायला लागला सांगू? लोण्यात चालावा तसा! चिखल न्हाई, दगड न्हाई, मूळ न्हाई. ट्रॅक्टर हलका. मी खूश! आरं, मी शीळ घालत होतो!

आणि माझ्या शिळीला दुसरी शीळ मिळाली.

इंजिनाच्या आवाजात शीळ ऐकू येते का? सांगा की! येत न्हाई. पण मला आली. पुढनं, उजेडाकडनं. आणि मग आवाज. "चल रं... चल राजा... थोडं ऱ्हायलं..." माझं नाव न्हाई घेतलं त्यानं. नावानं हाक मारली असती तर मी सावध झालो असतो. हा बैलाला हाकारतात तसा हाकारत होता! आणि ऐका, माझी मान आपोआप खाली गेली. जू ठेवल्यासारखे खांदे भरून आले. मला वाटत होतं, जावं. मुकाट्यानं जावं.

त्या खाली गेलेल्या मानेनंच मला वाचवलं. खाली बघितलं, तर चाकांच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहत होतं.

पुढं!

आरं, पाणी पुढं चाललं होतं! मी खालून वर चाललेला माणूस. माझं पाणी माझ्या पाठीमागं जायला पाहिजे. हे मागनं येतंय, रेजरला अडतंय, चाकांना वळसा घालून माझ्या पुढं पळतंय. म्हणजे मी वर जात न्हवतो. मी उतारावर होतो! डोळे म्हणतायत समोर आक्का आहे, पाणी म्हणतंय समोर खड्डा आहे. आणि तेवढ्यात ऐकलं. पुढं, दहा हातांवर, पाणी पडत होतं. डबडबडबडब! खोल.

क्लच दाबला, ब्रेक दाबला. ट्रॅक्टर चाललाय! चावी फिरवली. इंजन बंद, दिवा बंद. तरी ट्रॅक्टर चाललाय! घसरत न्हवता हो, घसरणं मला कळतं. कुणी तरी पुढनं दावं बांधून झटके देत होतं. एक झटका, एक हात पुढं. एक झटका, एक हात पुढं. आणि तो उजेड विहिरीच्या पल्याड, शांत, जागेवर!

हात कुठं गेला असेल माझा? हायड्रोलिकच्या दांड्यावर! रेजर चराच्या मापाला धरला होता, तो पार खाली सोडून दिला. लोहाराचं भलं होवो! उतारावरच्या भिजल्या मातीत सगळं वजन घेऊन रेजर दांडीपर्यंत रुतला. ट्रॅक्टर ताणला, कण्हला आणि थांबला. पुढची दोन्ही चाकं विहिरीच्या तोंडावर लोंबकळत होती.

मी मागनं उडी मारली ती थेट चरात. आणि वर बघितलं तर उजेड दोन!

एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्हीकडनं आक्काचा आवाज. "भूपाल, इकडं ये रे बाबा!" "भूपाल, तिकडं जाऊ नको, मी इथं आहे!" तोच आवाज, तेच रडणं. बोला, कुठं जाल? एक खरी असणार, एक खोटी. एक पाऊल डावीकडं टाकलं सुद्धा.

मग खाली बसलो आणि चरात हात घातला. पाण्यात. म्हटलं, आज डोळ्यांचं ऐकायचं न्हाई, कानांचं ऐकायचं न्हाई. माणसाला चकवा लागेल, पाण्याला कुठनं लागायचा? पाणी हळदीच्या रानातनं येतंय, आणि हळदीच्या रानात माझी बहीण आहे. पाणी डावीकडनं येत न्हवतं. उजवीकडनं येत न्हवतं. मधनं येत होतं, जिथं काळाकुट्ट अंधार होता.

डोळे मिटले आणि पाण्याच्या उलट्या अंगाला चालायला लागलो. दोन्ही बाजूंनी हाका. मग रडणं. मग शिव्या! मग माझ्या मेलेल्या आईचा आवाज! मी चालतोय. पाणी नडग्यांवर आपटतंय, मी चालतोय. आणि अंधारात धाडकन कुणाला तरी धडकलो. मी किंचाळलो, ते किंचाळलं. त्यानं माझ्या मुस्काटात एक ठेवून दिली!

आक्का होती. तो हात मी लहानपणापासनं ओळखतो.

"मुडद्या!" म्हणाली. "किती हाका मारल्या! घसा फुटला माझा! कुणाकडं बघून ट्रॅक्टर वळवलास?"

"तुझ्या बॅटरीकडं, आक्के."

तिनं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "तू निम्म्या रानात असतानाच माझी बॅटरी भिजून विझली, भूपाल. तेव्हापासनं मी अंधारात तुझा चर चाचपत मागनं येतेय."

कळलं? दोन्ही उजेड त्याचेच होते! खरी बहीण अंधारात होती.

रात्रभर एकमेकांचे हात धरून आम्ही त्या चरात बसलो. उजाडलं तेव्हा बघितलं. चर निम्म्या रानापर्यंत सरळ, आणि तिथनं विळ्यासारखा वळून थेट विहिरीत. ट्रॅक्टरच्या पुढच्या दांड्याला कुजका, हिरवा, मनगटाएवढा जाड नाडा गुंडाळलेला. मोटेचा नाडा! चार माणसांनी कोयत्यानं तोडला तेव्हा ट्रॅक्टर मागं आला.

आणि हळद? हळदीत टिपूस न्हवता! निम्मं पाणी ओढ्यानं नेलं, निम्मं सिदरामच्या विहिरीनं पिलं. एकट्या सरळ चरानं एका रात्रीत एवढं पाणी गेलंच नसतं. आक्का हळदीत हात घालायची, कंद उपटून बघायची, हसायची आणि रडायची. घट्ट, पिवळाधमक कंद! तेच बियाणं अजून चाललंय. समोर शिजतंय ते त्याचंच.

म्हणून तो वाकडा चर आक्कानं बुजवू दिला न्हाई. आणि म्हणून दरवर्षी पहिल्या काहिलीतली पहिली ओंजळ बाजूला काढते, विहिरीत टाकायला. माझा जीव ओढत होता तो, मी त्याला काही देणार न्हवतो. पण आक्काचं मन मोठं.

तर उठा आता, जाळ सारा. आणि ऐका, रोटर घेऊन पहाटे पलीकडच्या रानात जाणारे कोण आहेत? पडीतली वाट जवळची आहे, मला ठाऊक आहे. तरी तिथनं जायचं न्हाई! रस्त्यानं फिरून जा, डिझेल जळू दे. ओंजळ टाकायला मी आणि आक्का जाऊ, चांगलं ऊन पडल्यावर. आणि कधी रात्री त्या बाजूला उजेड दिसला, कुणी तरी बॅटरी धरून तुमच्यासाठी उभं आहे असं वाटलं, तर आधी खाली वाका आणि पाणी कुठं चाललंय ते बघा. आपल्यातलं कुणी तिकडं बॅटरी घेऊन जात न्हाई.