खिडकीतला दिवा आणि चोरीचा आळ

शनिवार, तारीख १९ नोव्हेंबर १९३८, सकाळचे साडेअकरा.

अध्यक्षस्थानी असलेले आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन शेठ पारसमलजी, हेडमास्तर श्री. दिलवरसिंगजी गिरासे, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकबंधूंनो, विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आणि मागे दाराशी चपला हातात धरून उभ्या असलेल्या रुखमाबाई,

निरोपाच्या भाषणाची सुरुवात तारखेनं करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही हार घातलात, शाल दिलीत, आणि या शाळेत इंग्रजी माझ्यामुळे रुजलं, असं मानपत्रात वाचून दाखवलंत. ते ऐकताना मान खाली गेली. विनयानं नव्हे, लाजेनं. हारांत हेडमास्तरांनी झेंडू भरपूर घालायला सांगितला होता, त्याबद्दल मात्र आभार. त्यात तोंड लपवायला बरं पडलं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या शनिवारी हेडमास्तर मॅट्रिकच्या वर्गात चाचणी परीक्षेचे इंग्रजीचे पेपर परत देत होते. चाचणीत उतरेल त्याचंच नाव शाळा मॅट्रिकला पाठवते. क्रमिक पुस्तकात एक कविता आहे. समुद्रावर गेलेला कोळी परत येत नाही, आणि त्याची बायको रोज रात्री खिडकीत दिवा लावते. प्रश्न होता, ती दिवा का लावते? हेडमास्तर मॅट्रिकला नोट्स सांगतात. नोट्समधलं उत्तर असं, की दिवा हे अमर आशेचं प्रतीक आहे. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. शब्द तोच, स्वल्पविराम तोच. एका मुलानं तर 'येथे परिच्छेद संपला' हेसुद्धा इंग्रजीत उतरवून ठेवलं. त्याला पैकीच्या पैकी.

या रुखमाबाईंच्या मुलीनं, फुलवंतानं लिहिलं, तिला आशा नाहीच. नवरा बुडाला, हे तिला कळून चुकलंय. पण दिवा विझला की शेजारणी रडायला घरात शिरतील, आणि मग ते खरं होईल. म्हणून ती दिवा विझू देत नाही.

सभ्य गृहस्थहो, वर्गातल्या या एकाच उत्तरावर चोरीचा आळ आला!

हेडमास्तरांनी विचारलं, "हे तुझं? तुझ्या घरी इंग्रजी कोण जाणतं?"

ती म्हणाली, "कोनी नही, सर. पन आई भलतंच विचारस."

वर्ग हसला. पोरीला व्हरांड्यात उभं केलं, पेपरावर लाल शाईनं 'नक्कल' असा शेरा मारला, आणि मॅट्रिकच्या यादीतून तिचं नाव काढलं.

आई काय विचारते, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. मला माहीत आहे, कारण इंग्रजी सहावीपर्यंत, म्हणजे गेल्या सालापर्यंत, फुलवंता माझ्या हाताखाली होती. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या मदर आमच्याकडून धडा पाठ करून घेत नसत. पुस्तक मिटायला लावत आणि म्हणत, आता मला सांग, मी काही वाचलेलं नाही. तीच उजळणी मी माझ्या मुलांना लावली. पुस्तक मिटा. घरात जो सगळ्यात चौकस असेल, त्याला ती कविता आपल्या बोलीत सांगा. तो आडवेतिडवे प्रश्न विचारील. जिथं तुमची जीभ अडेल, तिथं तुम्हाला कविता कळलेली नाही. तेवढ्यापुरतंच पुस्तक उघडा, आणि मग इंग्रजीत आपल्या शब्दांत लिहा. परीक्षेत प्रश्न फिरवून आला, की घोकलेलं उत्तर लंगडं पडतं. भांडून मिळवलेलं पडत नाही.

रुखमाबाई पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जातात. संध्याकाळी पोरगीही शेजारी बसते. एकदा मी तिथं गेले होते, आणि शिंका आवरत दोघींचं भांडण ऐकलं.

"तो येवाव नही ना? मंग ती बाई तेल कसाले जाळस?"

"आई, ती वाट दखस."

"कसानी वाट? येडी शे का ती? तेल काय फुकट येस?"

"येडी नही शे!"

"मंग कोठे लिखेल शे? दखाड मले!"

दखाड, म्हणे दाखव! जशा काही रुखमाबाई इंग्रजी वाचणारच होत्या. पण पोरगी हट्टाला पेटली. मिरचीचे हात पदराला पुसून तिनं पुस्तक उघडलं, आणि शोधत शोधत त्या ओळीवर आली, जिथं शेजारणी दारापर्यंत येतात, दिवा बघतात आणि परत फिरतात. मग तिनं आईला सांगितलं, "दिवा मालवना, का या बाया रडाले मझार येतीन." रुखमाबाईंनी हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग म्हणाल्या, "तरी बी वात बारीक कराले पाहिजे व्हती."

ही ती चोरी. मुद्देमाल, एक पथारी मिरच्या.

आळ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रुखमाबाई माझ्या दारात आल्या. "बाई, मन्ही पोर चोर नही शे," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला त्यांना 'बसा' म्हणायचीही लाज वाटली. ज्या शाळेनं त्यांच्या मुलीला चोर ठरवलं, तिच्याच पगारावर मी घेतलेली ती खुर्ची होती. पेपर घेऊन मी हेडमास्तरांकडे दोनदा गेले. पहिल्यांदा 'पाहू' असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा चहा मिळाला. चहा चांगला होता, शेठजी, पण तो मॅट्रिकला बसत नाही.

गिरासे सर, तुमच्या मनात कपट आहे, असं मी म्हणत नाही. कपट असतं तर मला नुसता राग आला असता. आपल्या शाळेत एखादं मूल स्वतःचं वाक्य लिहील, हे तुमच्या मनातच आलं नाही, याची मला लाज वाटते. आणि त्या शाळेचा निरोप मी हार घालून घेते आहे.

तेव्हा आभार मानते, आणि जाता जाता एकच मागते. फुलवंतानं ते उत्तर ज्या पुस्तकातून चोरलं, ते पुस्तक कमिटीनं मला दाखवावं. ते नसेल, तर तिचं नाव मॅट्रिकच्या यादीत घातल्याचं लेखी कळवावं. यादी पंधरा तारखेला मुंबईस रवाना होते. म्हणून शनिवार, तारीख १० डिसेंबर, दुपारी बारापर्यंत उत्तर हवं. तोंडी नको, चहाबरोबरही नको. कागदावर, कमिटीच्या सहीनं.

तोवर ही शाल मी खुर्चीवर घडी करून ठेवते. माझ्या बोलण्यात जे कडू लागलं असेल, ते वयाच्या खात्यावर टाकून क्षमा करावी. जे खरं लागलं असेल, त्याची क्षमा मी मागत नाही.

रुखमाबाई, चला. तुमच्या पथारीवर आणखी एक कविता बाकी आहे ना? प्रश्न तुम्ही विचारा. मी शिंका आवरते.