लाजवंतीबाईंचं चर्च

अहो, आमच्या कॅम्पातल्या त्या प्रेस्बिटेरियन चर्चचं सांगायचं राहिलंच. गोरी पलटण गेली आणि फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं राहायला आली. मी समोरच्या रेशन ऑफिसात कारकून होतो. एकदा पुण्याहून पाद्री आले, चर्च रिकामं करून मागायला. मी त्यांना आत घेऊन गेलो.

त्यांना बघून तिथे राहणाऱ्या लाजवंतीबाई रडवेल्या झाल्या. "साईं, हमने कुछ नहीं लिया. हम आए तब भी आपकी मूर्ति नहीं थी!"

पाद्री गोंधळले. "अहो बाई, आमच्या पंथात मूर्ती नसतेच."

"सच?" बाई मटकन खाली बसल्या. "दो साल से डर रही थी, चोरी का नाम हम पर आएगा!"

मागणीचा कागद पाद्र्यांच्या खिशातच राहिला. ते हळूच म्हणाले, "रविवारी तासभर प्रार्थनेपुरती जागा द्याल?"

बाईंनी शनिवारीच खाटा बाहेर काढल्या. रविवारी ख्रिस्ती आले पाच, आणि मागे डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसल्या चाळीस सिंधी बायका.

पाद्री माझ्या कानात कुजबुजले, "कुणाला सांगू नका, पण पुण्यात माझ्यासमोर एवढे लोक कधीच बसत नाहीत!"