संपतच्या जीपचा दम

हसाल तुम्ही, पण संपतच्या जीपचा आजार मी आमच्या ओट्यावरून ओळखला. शेजारचा संपत टर्बोच्या जीपमधून दौंडहून कुरकुंभला कामगार सोडायचा. जीप रस्त्यात मध्येच दम सोडायची, आन् शिफ्टला अजून एकदा उशीर झाला की त्याचं काम जाणार होतं. गॅरेजात मात्र टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा काटा अगदी बरोबर उभा राहायचा.

शेवटी मेकॅनिक संपतच्या घरीच आला. त्यानं बॉनेट उघडलं, आतलं फडकं काढून हात पुसले आणि रेस दिली. गाडी ठणठणीत!

मी ओट्यावरूनच विचारलं, "गॅरेजातबी आधी हातच पुसता का?"

"व्हय काकू. का वं?"

"मग फडकं जाग्यावर ठिऊन बघा की!"

संपत रोज इंजिन पुसून फडकं जिथं ठेवायचा, तिथंच मेकॅनिकनं ते ठेवलं. रेस दिल्याबरोबर ते हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटलं आणि काटा धपकन खाली आला. रेस सोडली की फडकंही सुटायचं.

मेकॅनिक कपाळाला हात लावून बसला. संपत फडकं घेऊन माझ्याकडं आला.

"काकू, हे आता तुमच्या ओट्यावरच राहू द्या. हितं तुमच्या नजरेतनं काय सुटत न्हाई."